मंडईतली वरची गर्दी, खालची गर्दी

पुण्याच्या मंडईला गर्दी नवी नाही. 1886 साली ‘रे मार्केट’ म्हणून ही दगडी वास्तू उभी राहिली, तेव्हापासून इथे माणसं एकमेकांना खेटूनच भाजी घेत आली आहेत. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, तरी तुळशीबागेकडून येणारा संध्याकाळचा लोंढा आटला नाही. या गर्दीचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास होतो तो तिच्या खालच्या गर्दीचा.

29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईला मेट्रो आली. ती मला मनापासून हवी होती, आजही हवी आहे. लक्ष्मी रस्त्यावर बसमध्ये अडकून पडलेल्या कुणालाही ती हवीच असणार. पण संध्याकाळी सहानंतर पिशव्यांच्या तपासणीची रांग, सरकते जिने आणि फलाट ओलांडून गाडीशी पोचावं, तर स्वारगेटहून एकच स्थानक पुढे आलेली ती तीन डब्यांची गाडी आधीच भरलेली असते. कुणाच्या पाठीला लॅपटॉपची सॅक, कुणाच्या हातात मेथी आणि कोथिंबिरीची पिशवी. सॅक पिशवीवर दबते आणि पिशवीवाली बाई काही बोलत नाही.

ते न बोलणंच मला खुपतं. वर मंडईत कुणी धडकलं, तर लगेच आवाज येतो, “अहो, जरा बघून!” पुढचा सरकतो, मागचा थांबतो, भाजीवाली एखाद्या आजींना वाट करून देते. तिथे प्रत्येकाला आपला वेग कमीजास्त करता येतो. खाली वेग दाराच्या हाती असतो. दार काही सेकंदच उघडं राहणार हे कळलं, की समोरचा माणूस माणूस राहत नाही, अडथळा होतो.

जिल्हा न्यायालय स्थानकात हे सगळ्यात जास्त जाणवतं. कोथरूडकडे जायचं तर तिथे गाडी बदलावी लागते. खालचा फलाट जमिनीखाली सुमारे 33 मीटर, आणि कोथरूडकडे, वनाझला जाणारी गाडी जमिनीच्या वरून धावणारी. एकामागून एक सरकते जिने चढायचे. त्यामुळे दार उघडताच उतरणारे जिन्याकडे धावतात, चढणारे आत घुसतात आणि दोघं दारातच भिडतात. गुडघेदुखीची माणसं, कडेवर मूल असलेल्या आया भिंतीला लागून उभ्या राहतात. लोंढा ओसरल्यावर त्या निघतात, तोवर वरची गाडी गेलेली असते.

पुणेकरांना शिस्त नाही, हा निकाल अशा वेळी झटकन दिला जातो. मला तो पटत नाही. दोन मिनिटांत दुसरी गाडी येईल याची खात्री असेल, तर कोण कुणाला ढकलेल? इथे एक गाडी चुकली, की पुढची जोडणारी गाडीही चुकते आणि घरी कुणी वाट पाहत असतं. धावणाऱ्याच्या अंगात उद्धटपणा असतोच असं नाही. त्याला पुढच्या गाडीचा भरवसा नसतो. गर्दीच्या वेळी फेऱ्या वाढवणं आणि डबे वाढवणं हीच मला शिस्तीची खरी व्यवस्था वाटते. “कृपया उतरणाऱ्यांना प्रथम उतरू द्या” ही घोषणा त्यानंतर ऐकली जाईल.

गणेशोत्सवात मंडई परिसरात पाय ठेवायला जागा नसते. 2025 च्या उत्सवात येणाऱ्यांनी कसबा पेठला उतरावं आणि परतताना मंडईतून गाडी धरावी, असं मेट्रोने सुचवलं होतं. येणारे आणि जाणारे समोरासमोर येऊ नयेत एवढाच त्यात विचार होता, आणि तो शहाणपणाचा होता. रोजच्या संध्याकाळी निदान जिन्यांवर आणि दारांपाशी तेवढं व्हावं: एका बाजूने उतरणारे, दुसऱ्या बाजूने चढणारे, आणि त्यांना वाट दाखवायला एक माणूस उभा.