वडिलांची पद्मिनी आणि नागसेनाचा रथ

वाटूर फाट्यावरच्या मिस्त्रींनी वडिलांच्या पद्मिनी गाडीच्या पुढच्या काचेचं रबर ओढलं आणि ते हातातच तुटलं. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात, भेगा पडतात, मग पावसाचं पाणी आत शिरून पत्रा गंजवतं. नवं रबर काचेवर चढवायचं, खाचेत दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं. बाहेरून एकाने काच तळव्यांनी दाबायची, आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची. रबराची कड पत्र्यावर बसत जाते.

इंजिन बदललं, सीटा बदलल्या, आता रबरं. मुलीने विचारलं, "मग ही आजोबांचीच गाडी का?"

तिच्या प्रश्नाने मला एक जुना प्रश्न आठवला. मी संभाजीनगरात, नागसेनवनात शिकलो. बाबासाहेबांनी तिथल्या महाविद्यालयाला मिलिंद राजाचं नाव दिलं. त्या राजाला भिक्खू नागसेनांनी विचारलं होतं: चाक म्हणजे रथ का? आस? जू? एकही नाही; सगळं जुळून येतं त्याला आपण रथ म्हणतो. मला मात्र त्यांचा दिव्याचा दाखला जास्त पटतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात तीच नसते, वेगळीही नसते. एकीतून दुसरी पेटत आलेली असते.

म्हणून मी मुलीला "हो" म्हटलं. हीच गाडी भंगारात देऊन तिचे सुटे भाग मी पुन्हा जमवले असते, तर मूळ पत्रा असूनही तिला वडिलांची म्हणायला माझी जीभ रेटली नसती.