मुलांचं दुखणं आणि प्रारब्धाचा आधार

आळंदीच्या चार भावंडांना समाजानं वाळीत टाकलं होतं. त्यातले ज्ञानेश्वर एकदा लोकांच्या बोलण्यानं इतके दुखावले की झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी परंपरेतली कथा आहे. ताटीबाहेर उभी राहिली ती धाकटी मुक्ताबाई. ताटीचे अभंग तिच्याच नावावर आहेत आणि त्यांतल्या अध्यात्मावर निरूपणं पुष्कळ होतात. एका साध्या गोष्टीकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. भावाचं दुखणं म्हणजे त्याचं प्रारब्ध, असं समजून ती निघून गेली नाही.

मुलाच्या मनाचं दुखणं पूर्वकर्माचा भोग मानायचं का, हा प्रश्न आजही कित्येक घरांत जिवंत आहे. मूल अबोल झालं, रात्ररात्र जागू लागलं, की ‘बाहेरचं’ बघितलं जातं, अंगारे-उतारे होतात. त्याच घरात मुलाला ताप आला तर कर्मसिद्धान्त आड येत नाही; तडक दवाखाना गाठला जातो. कर्मविचारानं माणसाला स्वतःचं दुःख सोसायचं बळ मिळत असेल, पण दुसऱ्याच्या, त्यातही लेकराच्या दुःखाकडे पाठ फिरवायची मुभा त्यातून मिळत नाही. भूतदयेलाच भक्ती मानणाऱ्या संतांच्या महाराष्ट्रात तर मुळीच नाही.

मोठा माणूस निदान स्वतः उठून डॉक्टरकडे जाऊ शकतो. मुलाला तेही शक्य नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला, पण अठरा वर्षांखालच्या मुलाच्या वतीनं निर्णय घेतात ते पालक. त्यांनी ‘मन खंबीर कर’ म्हणून विषय मिटवला, की तो हक्क कागदावरच राहतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात जवळपास तीन मुलं.

पालक तयार झाले, तरी मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. शहर गाठायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी आलीच.

देव आणि डॉक्टर यांत भांडण लावायचं काहीच कारण नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना विश्वासात घेऊन ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम उभा राहिला. तिथे आलेल्या भाविकाला दुआ सोडावी लागत नाही आणि औषधही मिळतं. महाराष्ट्रातल्या देवस्थानांनी यातून जरूर शिकावं.

शहर गाठणं जमत नसेल, तर निदान फोन हाताशी आहे. मनाच्या दुखण्यावर फोनवरून मदत करणारी ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, रात्रंदिवस लागतो आणि मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक शाळेच्या प्रत्येक वर्गात आणि देवळाच्या सूचनाफलकावर लिहावा. हरिनाम सप्ताहात तर कीर्तनकार महाराजांनीच तो मुलांकडून मोठ्यानं म्हणून घ्यावा.