उरलेल्याने काय करावे?

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. त्यांत कपोत, म्हणजे कबुतर, हाही एक गुरू. पारध्याच्या जाळ्यात पिल्ले सापडली, त्यांच्यामागे कबुतरीही गेली. कबुतर मोकळा होता, पंख शाबूत होते. पण शोकाने भान सुटून तो आपणहून जाळ्यात पडला. अतिस्नेह नको, हा बोध अवधूतांनी घेतला.

आपल्यासारख्या गृहस्थांना हे ऐकताना जरा अवघडच वाटतं. जिच्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला, तिच्यावर जीव लावला ही का चूक? की तिच्यामागे झुरणं हीच निष्ठा? पत्नी गेलेल्या वयस्क पुरुषांपुढे हा प्रश्न रोज असतो. बोलत कोणी नाही. बायका निदान एकमेकींजवळ रडतात. पुरुष पेपर उघडून बसतो.

माझ्या अल्पमतीप्रमाणे, कबुतर रडला यात वावगं काही नाही. आपल्याला अजून पंख आहेत हे तो विसरला, तिथे चुकला.

१८९१ साली गंगाखेडला गोदातीरी प. पू. टेंबे स्वामी महाराजांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई निवर्तल्या. महाराजांनी त्यांचं उत्तरकार्य केलं आणि मगच संन्यास घेतला. पुढे १९१४ साली गरुडेश्वरी समाधिस्थ होईपर्यंत ते पायी फिरले, ग्रंथ रचले, कितीतरी दुःखितांना मार्ग दाखवला. एका घराची माया अनेक घरांना मिळाली.

ते वैराग्य आपल्याला कुठलं झेपणार? आपण आपल्यापुरतं पाहावं. बँकेत नवरा-बायकोचं जोडखातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असलं, तर एक गेल्याने ते बंद पडत नाही. मृत्यूचा दाखला दिला की मागे राहिलेल्याच्या नावावर चालू राहतं. काउंटरवर असे दाखले घेऊन आलेले पुष्कळ पाहिले. कित्येकांना पासबुक कुठे ठेवलंय ठाऊक नसे. साखरेचा डबा तर नाहीच नाही.

संसाराचंही तसंच आहे. तिने जमा केलेलं शिल्लक असतं: नातीगोती, आल्यागेल्याचा पाहुणचार, कुळाचार, देवापुढचा दिवा. ते आता उरलेल्याने चालवायचं. कुकर लावायला शिकावं. सुनेला हाक न मारता चहा करावा. आई गेली म्हणून लेकीचं माहेर तुटू नये, हे आता बापाच्या हाती. आणि दुसऱ्या कुणावर हाच प्रसंग आला, तर तेराव्यानंतर त्याच्याकडे जाऊन बसावं. तोवर घर माणसांनी भरलेलं असतं. खरं एकटेपण चौदाव्या दिवशी सुरू होतं.

गाणगापुरी महाराज दुपारी भिक्षेला येतात, ही आपली श्रद्धा. तिथे माधुकरी वाढताना एकदा तरी आपल्या हाताने थापलेली भाकरी झोळीत घालावी. वेडीवाकडी झाली तरी चालेल. तिच्या आठवणीला याहून चांगलं रूप मला तरी सुचत नाही.

।। श्रीगुरुदेव दत्त ।।