जेवलीस का?

भिंगार हे छावणीचं गाव. लष्करी हद्दीच्या फाटकाशी गेलात की जवान विचारतो: कुठून आलात, कोणाकडे निघालात, ओळखपत्र दाखवा. परका माणूस अडवायची ही रीत छावणीला शोभते. मुलींच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की मात्र भिंगार असो, नगर असो की राज्यातलं कुठलंही गाव, आपण सगळेच फाटकावरच्या जवानासारखं बोलू लागतो. रस्त्यावर दिवे लावा, गस्त वाढवा, क्लास सातच्या आत सोडा, टपरीवरच्या टोळक्याला हाकला. मागण्या रास्त आहेत, दिवे लागलेच पाहिजेत. पण ज्याला फाटकावर कोणी अडवतच नाही, ज्याला आपण स्वतःच ‘या, बसा, चहा घ्या’ म्हणतो, त्याचं काय?

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून ती केलेली होती. त्यांतल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसला होता. छळणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासाच्या जागी बसलेले होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतही बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा निघतो, हे वर्षानुवर्षे छापून येतं. आपण ते वाचतो आणि पुन्हा दिव्यांकडे वळतो.

याच जिल्ह्यातलं कोपर्डी घ्या. १३ जुलै २०१६ ला तिथे एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती घटना आठवली की अजून अंगावर काटा येतो. त्यानंतर राज्यभर लाखोंचे मोर्चे निघाले. नगरच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. एवढा क्रूर गुन्हा गाव पेटवतो, पेटवायलाच हवा. पण त्या धगीत आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं. अत्याचार म्हणजे रस्ता, झडप, रक्त. ज्यात झडप नाही, आरडाओरडा नाही, ओरखडाही नाही, उलट सहा महिने नुसती माया आहे, तो अत्याचार आपल्याला ओळखूच येत नाही.

तो कसा चालतो, हे बारकाईने पाहू. पुढचं उदाहरण कुठल्या एका घरातलं नाही. समुपदेशकांपुढे पुन्हा पुन्हा येणारा हा क्रम आहे. नववीतली मुलगी. मोबाइल आईचा, पण अभ्यासाच्या ग्रुपसाठी संध्याकाळी तिच्या हातात. ओळखीच्या माणसाचा पहिला मेसेज अगदी साधा: ‘जेवलीस का?’ यात आक्षेप घ्यावा असं काय आहे? मग ‘आज गप्प का होतीस?’ मग ‘घरचे तुला समजून घेत नाहीत ना.’ मग रिचार्ज, वाढदिवसाला कानातले, क्लासहून येताना गाडीवर लिफ्ट. दरम्यान हा माणूस तिच्या घरीही येऊन गेलेला असतो. वडिलांना बँकेच्या कामात मदत केलेली असते, आजीला दवाखान्यात नेलेलं असतं. ‘फार गुणी आहे हो पोरगा’ असं प्रमाणपत्र घरातूनच मिळतं. आणि मग एके दिवशी: ‘आपलं बोलणं डिलीट करत जा.’ खरा धोक्याचा क्षण हाच. पुढचा फोटो आणि फोटोनंतरची धमकी यायला मग फार दिवस लागत नाहीत. इंग्रजीत या सगळ्या पेरणीला ग्रूमिंग म्हणतात. आपल्याकडे नुसतं ‘नादी लावलं’ म्हणतात आणि तेही पोरीलाच ऐकवतात.

यात मोबाइल नवा आहे, डाव जुना आहे. पुण्यातल्या काशीबाईची हकिकत जोतीराव फुल्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तरुण विधवा, फुल्यांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाकाला असलेली. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला गोड बोलून वळवलं. दिवस गेल्यावर त्याने हात झटकले. बदनामीच्या धास्तीने तिने जन्मलेलं मूल मारलं आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला धाडण्यात आलं. शास्त्रीबुवा मोकळेच राहिले. यानंतर १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी वाड्यांच्या दारांवर पहारे बसवायची मागणी केली नाही, की विधवांना ‘सावध राहा’ म्हणून व्याख्यानं दिली नाहीत. त्यांनी आपलं घर उघडलं आणि जाहीर केलं, की इथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल ठेवा किंवा न्या. १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे आल्याचं जोतीराव नमूद करतात. पुरुष धूर्त असतो हे त्या दोघांना ठाऊकच होतं. पण त्याचं बळ त्याच्या धूर्तपणात नव्हतं. ते होतं बाईला उरलेल्या दोनच वाटांत, लपवणं किंवा मरणं. त्यांनी तिसरी वाट काढली.

आज आपल्या मुलीला अशी तिसरी वाट आहे का? मला वाटतं, सगळा प्रश्न इथे येऊन अडतो. १९९४ मध्ये जळगावात लैंगिक शोषणाचं जे प्रकरण उघडकीला आलं, त्यात ओळख, आमिष, मग फोटो आणि फोटोच्या धाकावर पुन्हा पुन्हा शोषण अशीच साखळी होती. त्रास झालेल्या मुली-बायका कितीतरी, तक्रारीला पुढे आलेल्या अगदी मोजक्या. धमकी देणारा काय म्हणतो? ‘मारून टाकीन’ म्हणायची त्याला गरजच पडत नाही. ‘तुझ्या घरी दाखवू का?’ एवढं पुरतं. म्हणजे त्याच्या हातातलं हत्यार आपणच घडवून दिलेलं असतं. मुलीला त्याच्यापेक्षा आपली भीती जास्त वाटते, या एका गोष्टीवर त्याचा सगळा धंदा चालतो.

आणि ती भीती काही उगीच नाही. मुलीने धीर करून सांगितलंच, तर बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, ‘तू नंबर दिलासच कशाला?’ मग मोबाइल बंद, क्लास बंद, शाळाही बंद, आणि दोन महिन्यांत पाहुणे बघायला. जिल्ह्यातले बालविवाह रोखायला धावणाऱ्या कार्यकर्त्यांना हेच कारण आईबापांच्या तोंडून ऐकावं लागतं: ‘जमाना खराब आहे, काही वंगाळ झालं म्हंजे?’ ज्या नगरात सिंथिया फॅरार बाईंच्या शाळेत सावित्रीबाई शिक्षिकेचं शिक्षण घेऊन गेल्या, तिथे एका हलकट माणसाच्या मेसेजची शिक्षा म्हणून मुलीची दहावी थांबावी? म्हणून मुलीला शंभर सूचना देण्याआधी आईबापांनी तिला एक शब्द द्यावा: काहीही घडलं, फोटो गेला असला तरी, तू सांग, तुझी शाळा सुटणार नाही. हा शब्द घरात खरोखर पाळला जाईल असं तिला वाटलं, तर ‘घरी दाखवू का’ ही धमकी निम्मी पोकळ होते.

पोलिसांची भीती हा याचाच दुसरा भाग. ठाण्याची पायरी नको, असं आपण म्हणतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो, की मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेश न घालता. मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. तिचं नाव, शाळा, फोटो कुठल्याही माध्यमात ओळख पटेल असा देता येत नाही. आणि गुन्हा माहीत असून कळवला नाही, तर कळवणं टाळणाराच गुन्हेगार ठरतो. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण केबिनमध्ये मिटवणाऱ्या संस्थाप्रमुखाला तर वर्षभराची कैद होऊ शकते. हे भिंगार कॅम्प पोलीस ठाण्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं, तर चार रस्त्यांवरच्या दिव्यांइतकं काम होईल.

कायद्याची एक अडचणही सांगायला हवी. अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं, तर अपहरणाचा गुन्हा नोंदवावा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावलं. त्यामुळे ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’ ही बातमी नगरच्या पेपरात वारंवार दिसते. त्यांत सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा वर्गमित्र हेही असतात आणि चौदा वर्षांची मुलगी आणि चाळिशीचा ‘काका’ हेही. कायद्याच्या रकान्यात ही दोन्ही प्रकरणं शेजारी बसतात. आपण मात्र फरक ओळखू शकतो. वयाचं अंतर किती? नातं मैत्रिणींपासून लपवायला कोणी सांगितलं? आईविषयी, जिवलग मैत्रिणीविषयी तिच्या मनात विष कोण कालवतंय? प्रेमात पडलेली पोर चारचौघींत मिरवते. जाळ्यात अडकलेली एकटी पडत जाते. हा नियम काही पोलादी नाही, पण नजर ठेवायला पुरतो.

नजर दुसरीकडे वळवायचा आवडता मार्ग म्हणजे आरोपीची जात आणि धर्म. इंग्लंडातल्या रॉदरहॅममध्ये १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलांचं शोषण झाल्याचा अंदाज २०१४ च्या चौकशी अहवालाने मांडला. तिथे आरोपींचा वंश पाहून काही अधिकारी वंशभेदाचा ठपका नको म्हणून गप्प बसले, तर पोलिसांनी त्या पोरींनाच वाया गेलेल्या ठरवलं. आपल्याकडे आरोपी ‘त्यांचा’ असला की मोर्चा निघतो आणि ‘आपला’ असला की बैठक बसते. मोर्चात घोषणा देणाऱ्या मामाच्याच घरी भाची घाबरून राहत असेल, तर ती बिचारी कोणाकडे पाहणार?

बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शाळाशाळांत सीसीटीव्ही लावायचे आदेश सुटले. कॅमेरे लावा. पण ‘जेवलीस का?’ कॅमेऱ्यात दिसत नाही. त्याआधी २०२२ मध्येच शासनाने शाळांना ‘सखी सावित्री’ समिती नेमायला सांगितलं होतं. तुमच्या मुलीच्या शाळेत ती आहे का, त्यात कोण आहे, शेवटची कधी बसली, हे पालक सभेत विचारून पाहा. मुख्याध्यापकांचा चेहराच उत्तर देईल.

घराने कान द्यावा, असं मी वर म्हटलं. पण पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कुटुंबांना हे कसं सांगायचं? दिवाळी झाली की कोयता घेऊन आईबाप कारखान्याच्या वाटेला लागतात, चार-सहा महिने फडावर. थोरली मुलगी शाळेसाठी मागे राहते, आजीजवळ किंवा चुलत्याकडे. ऐकणारं घरच उसाच्या फडात गेलेलं. आजीला ऐकू कमी येतं, चुलत्याची भीती वाटते आणि शेजारचा ‘काका’ रोज विचारपूस करतो. इथे वस्तीवरची अंगणवाडी ताई, वर्गातली एखादी बाई, १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक एवढाच आधार उरतो. वसतिगृहाची सोय झाली तर फारच चांगलं. ते होईपर्यंत निदान एवढं तरी व्हावं: ही मुलगी रात्री फोन कोणाला करणार, त्या बाईचं नाव आणि नंबर काय, आणि त्या बाईला ते ठाऊक आहे का, हे मुकादमाचा ट्रक हलायच्या आधी शाळेने आणि आईने समोरासमोर बसून ठरवावं.