वस्तूचे पृष्ठ कोणाचे?

इमारतीचा सांगाडा संगणकावर रचणाऱ्या टेक्ला स्ट्रक्चर्स या मूळच्या फिनलंडमधील प्रणालीत खांबाच्या वा तुळईच्या एखाद्या अंगावर स्वतंत्र पृष्ठ चढविण्याची जी सोय आहे, तिचा उपयोग मुख्यतः मोजमापाचा असला, तरी तिच्यात पदार्थविचारातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. खांबाला अंगे मुळातच असताना त्यावर वेगळ्या नावारंगाची पृष्ठरूप वस्तू ठेवावी का लागते?

300 मिलिमीटर बाय 600 मिलिमीटर छेदाचा, 3 मीटर उंचीचा खांब घ्या. त्याचे काँक्रीट 0.54 घनमीटर भरते, आणि हा आकडा सर्वस्वी खांबाचा आहे. परंतु शटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी लावायच्या फळ्यांच्या साच्याचा, मक्तेदार मोबदला मागतो तो चौरस मीटरवर. माथ्याला फळी लागत नाही म्हणून तो सोडला, तर चार बाजूंचे क्षेत्र 5.4 चौरस मीटर येते खरे, पण तुळई येऊन मिळते तेथे फळी बसतच नाही. घनफळ वस्तू स्वतः सांगते. हिशेबात धरावयाचे पृष्ठ मात्र तिचा शेजार आणि आपला हेतू मिळून ठरवितात.

वैशेषिक दर्शनाच्या मते गुण द्रव्यात समवायाने, म्हणजे न तुटणाऱ्या संबंधाने, राहतो, तर संयोग म्हणजे नुसते जुळणे तुटू शकते. संगणकावरच्या नमुन्यातले हे पृष्ठ पुसून टाकले तरी खांब अबाधित राहतो, म्हणून त्याला खांबाचा गुण म्हणता येत नाही. अंगे शेजारामुळे ठरतात हा धागा बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूने ‘विंशतिका’ या ग्रंथात परमाणूपर्यंत ताणला: सहा दिशांनी सहा परमाणू एकाच वेळी भिडत असतील, तर मधल्याला सहा अंगे मानावी लागतील, आणि मग तो निरवयव कसला? त्यावरून बाह्य वस्तूच नाकारण्यापर्यंत तो जातो. तेथे माझे मन त्याच्यामागे जात नाही, कारण वरच्या मजल्यांचा भार खांब पेलतो तो कोणी त्याची अंगे मोजली म्हणून नव्हे.

तथापि वसुबंधूची शंका एका जागी मला फार खरी वाटते. खांब व तुळई एकाच ओतकामात भरली, तर नमुन्यात त्यांची दोन अंगे समोरासमोर दिसली तरी प्रत्यक्ष काँक्रीटमध्ये त्या ठिकाणी अंग असे काही नसतेच. ती सीमा केवळ आपल्या विभागणीची असते. पण काम सायंकाळी थांबले व दुसऱ्या दिवशी पुढे सुरू झाले, तर त्याच जागी खरोखरच पृष्ठ उत्पन्न होते, आणि नवे काँक्रीट त्याला धरावे म्हणून ते खरवडून, धुऊन घ्यावे लागते. द्रव्य तेच, जागा तीच. मध्ये गेली ती केवळ एक रात्र.