विक्रेत्याचे मौन

"त्याने विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही, मग यात असत्य कोठे आले, बाबा?" असा प्रश्न नाशिकच्या एका वासनिकाने अलीकडे आश्रमात येऊन केला. प्रश्न दिसण्यात साधा होता. तथापि त्याचे उत्तर देण्यापूर्वी प्रस्तुत लेखकास काही दिवस थांबावे लागले. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

प्रसंग असा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीस मोठा पूर आला. दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराचे माप काढणाऱ्या नाशिककरांना तो पूर चांगलाच स्मरणात असेल. त्या दिवशी या गृहस्थाची मोटार गोदाघाटाजवळ उभी होती. पाणी आसनांपर्यंत चढले. विमा केवळ कायद्याने सक्तीचा तेवढाच, म्हणजे त्रयस्थाच्या नुकसानीपुरता. त्यामुळे स्वतःच्या हानीची एक पैही मिळाली नाही. गाडी वाळविली, आसने धुतली, यंत्र खोलून साफ करविले आणि गाडी पुन्हा चालू लागली. परंतु गाडीत शिरलेले पुराचे पाणी नुसते पाणी नसते. गाळमिश्रित ओलावा वायरिंगच्या जोडांत राहून जातो, तांब्याच्या तारांवर हिरवट गंज चढतो, आणि दोष उमटतो तो कित्येक महिन्यांनी, वर्षांनी. मिस्त्रीने तसे स्पष्ट सांगितले होते. चढावर दिवे एकाएकी जात, एअरबॅगचा इशाऱ्याचा दिवा मध्येच पेटे. पुढे तो दिवा पेटूच नये अशी 'व्यवस्था' कोणीतरी करून दिली. आता निफाडकडील एक तरुण शेतकरी ती गाडी अडीच लाखांस घेण्यास सिद्ध झाला होता. बयाणा दिला होता, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या व्हावयाच्या होत्या. त्या कागदांत गाडीच्या अंतरंगाविषयी एक अक्षरही विचारलेले नसते.

गृहस्थाचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नव्हते. बाजाराचा नियम आहे की घेणाऱ्याने पारखून घ्यावे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचा मूळ रोख तोच आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात तर सतराव्या कलमाखाली एक उदाहरणच दिले आहे: लिलावात घोडा विकणाऱ्यास घोड्याचे वैगुण्य ठाऊक आहे, तो काहीच बोलत नाही, ही फसवणूक नव्हे. आमच्या वासनिकास एका वकील स्नेह्याने एवढेच ऐकविले होते आणि तेवढ्यावर त्याने समाधान मानले होते.

परंतु कायद्याचे ते पान पुढेही वाचावयास हवे. त्याच कलमात सक्रिय दडपणूक ही फसवणूकच म्हटली आहे. इशाऱ्याचा दिवा बंद करविणे हे मौन कसे? ती तर हाताने केलेली कृती आहे. शिवाय घोड्याचेच उदाहरण पुढे चालवून कायदा सांगतो की, घेणारी विक्रेत्याची नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल तर नात्यामुळेच सांगण्याचे कर्तव्य उत्पन्न होते. आणि घेणारा "तू नाकारले नाहीस तर मी घोडा निर्दोष समजेन" असे म्हणाला असेल, तर विक्रेत्याचे मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात जमीन वा घर विकणाऱ्यावर, साधारण काळजीने न कळणारा महत्त्वाचा दोष सांगण्याचे बंधन स्पष्टपणे घातले आहे. घराच्या भिंतीतील दोष सांगावयाचा आणि घोड्याच्या पायातील लपवावयाचा, हा भेद करणाऱ्यांची काही कारणे असतील. नीतीच्या दृष्टीने मात्र त्याचे समर्थन करणे कठीण आहे.

प्राचीनांनाही हा प्रश्न नवा नव्हता. स्मृतिग्रंथ आपण परमार्थात प्रमाण मानीत नाही. परंतु लोकव्यवहाराचा दाखला म्हणून पाहता याज्ञवल्क्यस्मृतीत खरेदीनंतर पारखण्याची मुदत दिलेली आढळते: बियाण्यास दहा दिवस, ओझ्याच्या जनावरास पाच, दुभत्यास तीन. म्हणजे काही दोष बाजारात दिसत नाहीत, घरी नेल्यावरच दिसतात, हे त्या काळच्या लोकांनी जाणले होते. रोमन पंडित सिसेरो याने दोन हजार वर्षांपूर्वी याच वादाचा विचार करताना एक मार्मिक भेद केला: प्रत्येक न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे, परंतु ज्याला कळण्यात हित आहे त्याला आपल्या लाभासाठी अज्ञानात ठेवणे, हे लपविणेच होय.

आता माझ्या विलंबाचे कारण. काही वर्षांपूर्वी आमच्या आश्रमाची एक जुनी जीप विकावयाची होती. संन्यस्ताने क्रयविक्रयात पडू नये हे खरेच, परंतु संस्थेच्या नावावर वाहन असले की कोणालातरी सही करावी लागते, आणि ती मी केली. गिअरबॉक्स खिळखिळा झाल्याचे चालकाने मला सांगितले होते. घेणारा संगमनेरकडील एक वासनिक. त्याने बॉनेट उघडले नाही, मिस्त्री आणला नाही, "आश्रमाची गाडी, त्यात काय पाहायचे?" एवढेच म्हणाला आणि दंडवत घालून पैसे पुढे ठेवले. मी काहीच बोललो नाही. त्या वेळी मनाची समजूत घातली की पैसा धर्मकार्यास लागणार आहे, आणि मी तर असत्य उच्चारलेलेच नाही. महिन्याभरात चंदनापुरी घाटात ती जीप बंद पडली. तो वासनिक त्यानंतरही येत राहिला. त्याने तो विषय कधी काढला नाही.

त्या जीपमुळे मला कळले ते असे. मौनाचा अर्थ बोलणारा एकटा ठरवीत नाही. ज्याने विश्वास टाकला त्याच्या विश्वासाने तो ठरतो. त्याचे "काय पाहायचे?" हाच प्रश्न होता आणि माझे गप्प राहणे हेच उत्तर होते. मी "निर्दोष आहे" असे म्हणालो नाही, पण ते त्याला ऐकू गेले, आणि ऐकू जाईल हे मला माहीत होते. किंमतीत त्याने जे अधिक मोजले ते गाडीचे मोल नव्हते. त्याच्या अज्ञानाचे मोल मी घेतले. पुराची हानीही तशीच. गोदावरीने जे नुकसान एका गृहस्थाच्या दारी आणून टाकले, ते दुःखद खरेच, परंतु ते त्याचे आहे. निफाडच्या शेतकऱ्याचा त्या पुराशी काय संबंध? त्याच्या पदरी ते न सांगता बांधणे म्हणजे आपले भोगावयाचे दुसऱ्याकडून भोगवून घेणे.

मग सर्वच सांगावे काय? तसे नव्हे. झिजलेले टायर, उडालेला रंग डोळ्यांना दिसतो. दहा वर्षांची गाडी नवीसारखी नसते हे सर्वांस ठाऊक असते. सांगावयाचे ते एवढेच, जे मालक म्हणून आपल्यालाच कळले, घेणाऱ्याला साध्या पारखीने कळणार नाही, आणि कळले असते तर त्याने किंमत बदलली असती वा पाठ फिरवली असती.

आणि एक दोष असा आहे की जो सांगूनही भागत नाही. दिवे अकस्मात जाणारी गाडी रात्री कसारा घाटात उतरत असेल, तर समोरून येणाऱ्याने कोणत्या कागदावर सही केली आहे? घेणारा स्वतःपुरती संमती देऊ शकतो, परक्याच्या प्राणांची देऊ शकत नाही. सर्वज्ञांच्या मार्गात अहिंसेचे स्थान काय आहे ते वाचकांस सांगणे नको. असा दोष दुरुस्त तरी करावा, नाहीतर गाडी भंगारात द्यावी.

हे सांगितल्यावर वासनिक काही वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "एक दलाल जशी आहे तशी घेतो म्हणतो. त्याला सगळे माहीत आहे. त्याला दिली तर?" दलाल पुढच्याला सांगणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. दलालापाशी आपले कर्तव्य संपते काय, याचे निःशंक उत्तर मजपाशी नाही. दिव्यांचे वायरिंग मात्र कोणालाही देण्यापूर्वी बदलावे, एवढे मी म्हणालो.

त्याने शेतकऱ्यास फोन करून पूर, वायरिंग, एअरबॅगचा दिवा सर्व सांगितले. शेतकरी मिस्त्री घेऊन आला. वायरिंग आणि एअरबॅगची दुरुस्ती मालकाने आधी करून द्यावी आणि किंमत एक लाख सत्तर हजार धरावी, असे ठरले. वासनिकाचा चेहरा त्या दिवशी फारसा प्रसन्न नव्हता.

जीपच्या दुरुस्तीचा खर्च परत करण्याचा ठराव मी आश्रमाच्या विश्वस्तांपुढे ठेवला. तो संमत झाला. संगमनेरकडील वासनिकाने पैसे घेण्यास नकार दिला आहे, म्हणून पुढील आठवड्यात मी स्वतः त्याच्या गावी जाणार आहे.