त्या २७५ मुलांचं देणं

औषधाच्या चाचणीत उतरणाऱ्या आजारी मुलाला आपल्या वाट्याला खरी गोळी येणार की औषध नसलेली, हे ठाऊक नसतं. तरी ते तयार होतं, आईवडील सही करतात. आपल्याला गुण आला नाही तरी पुढच्या कुणाला तरी उपयोग होईल, एवढ्याच भरवशावर.

१९९४ पासून अमेरिका-कॅनडातल्या १२ ते १८ वयाच्या २७५ नैराश्यग्रस्त मुलामुलींनी हा भरवसा ठेवला. औषध पॅरॉक्सेटीन, कंपनी स्मिथक्लाइन बीचम. चाचणी पुढे ‘स्टडी ३२९’ म्हणून कुप्रसिद्ध झाली. आधी ठरवलेल्या मुख्य निकषांवर पॅरॉक्सेटीन सरस ठरलं नाही. यात गुन्हा काहीच नव्हता. फसलेली चाचणीही डॉक्टरांना शहाणं करते. पण परिणाम सिद्ध झाला नाही असं सांगणं धंद्याला परवडणार नाही, असं १९९८च्या कंपनीच्या टिपणात लिहिलेलं सापडलं. २००१ साली २२ जणांच्या नावानं शोधनिबंध आला: औषध गुणकारी, मुलांना सोसणारं. मसुदा पैसे देऊन लिहून घेतलेला. जीव देण्याच्या विचारांच्या आणि प्रयत्नांच्या काही नोंदी त्यात ‘भावनिक अस्थिरता’ या सदरात गेल्या होत्या. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी मूळ कागद तपासले, तेव्हा गुण दिसला नाही, अपाय मात्र दिसला.

कंपनीला पुढे मोठा दंड झाला. पण त्या मुलांचं काय? त्यांनी सोसलं ते इतरांना सावध करण्यासाठी. तीच सावधगिरी कुणीतरी फायलीत दडपली. याला मी चोरीच म्हणेन, आणि ती रुपयांत मोजता येत नाही.

अशा खोटेपणानं विश्वास उडाला की त्याची झळ गुण देणाऱ्या औषधालाही बसते. २००४ च्या ४३९ किशोरांच्या एका अमेरिकी अभ्यासात फ्लुऑक्सेटीन हे नैराश्यावरचं दुसरं औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के बरे वाटण्याइतके सुधारले. औषध नसलेल्या गोळीवर ३५ टक्के. त्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनानं नैराश्यावरच्या साऱ्या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला: मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वा वर्तन औषधावर सुमारे ४ टक्के, औषध नसलेल्या गोळीवर २ टक्के. त्या चाचण्यांत एकाही मुलानं जीव गमावला नव्हता, हेही त्याच माहितीत होतं. हे सगळं एकत्र ऐकलं तरच आईला निर्णय घेता येतो.

आपल्याकडे ते क्वचितच कुणी एकत्र सांगतं. दवाखान्यात दुष्परिणाम विचारले की ‘इंटरनेटवर वाचू नका’, आणि घरी ‘सवय लागेल’ म्हणून शेजारीण गोळी बंद करायला लावते. अचानक बंद करणं हाही धोकाच. सुरुवातीच्या आठवड्यांत मूल अस्वस्थ झालं, झोप उडाली, वागणं बदललं तर लगेच कळवा, एवढं सांगायला डॉक्टरांना किती वेळ लागतो? आणि ते आईवडिलांना सांगताना खोलीत बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे बघूनही सांगायला हवं. गोळी तीच घेणार आहे.